उचलायचं नाही

अण्णांच्या पाठीवर गोण्यांची थप्पी कोसळली तेव्हा मी बारावीला होते. अण्णा म्हणजे माझे वडील. घाऊक बाजारात माथाडी. साताऱ्याकडून आलेले, कोपरखैरण्यातल्या आमच्या गल्लीतले निम्मे लोक तसेच आलेले. हॉस्पिटलातून ते घरी आले ते कमरेखालचं सगळं तिथेच ठेवून आल्यासारखे. खालच्या खोलीत खाट टाकली. मग खाट आणि गॅसचा ओटा यांच्यात एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी फट उरली. त्या फटीत उभी राहून आई चपात्या लाटायची, लोकांच्या डब्यांसाठी. पीठ उडून अण्णांच्या चादरीवर बसायचं. ते नुसते हाताने झटकायचे.

त्यांना मोरीत न्यायचं काम आईचं आणि माझं. आई काखेत हात घालायची, मी पाय धरायचे. उचलताना ते डोळे मिटून घ्यायचे. आईला दम लागायचा, तर म्हणायची, "जरा श्वास सोडा की, दगडावानी काय धरून बसलाय." ते डोळे उघडायचे नाहीत. नातेवाईक यायचे, चहा प्यायचे, म्हणायचे, "काय माणूस होता!" होता. खाटेवरचा माणूस ऐकत असायचा.

मी त्याच खोलीच्या वरच्या माळ्यावर बसून बी.कॉम. केलं. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी फुशारकीनेच सांगते, आणि त्याची मला लाज वाटत नाही. नोकरी लागली द्रोणागिरीला, एका गोदामाच्या ऑफिसात. त्या पगारातून अण्णांना चाकाची खुर्ची आली. शेजारच्या गवंड्याने आमच्या उंबऱ्याला सिमेंटचा उतार काढून दिला आणि अण्णा गल्लीत आले. पाय गेले होते, पण हात माथाड्याचेच होते. पहिल्या दिवशी त्यांनी गल्लीच्या टोकापर्यंत खुर्ची अशी मारली की आई मागून ओरडत पळाली, "अवो, रिक्षा येतीय!"

आमच्यापासून जवळच खाडी. खाडीच्या काठाने फिरायला वाट केलेली आहे. एका बाजूला चिखलातली तिवरांची झाडी, दुसऱ्या बाजूला फ्लॅटवाल्यांचे टॉवर. थंडीत रोहित पक्षी येतात, मग मोठमोठ्या लेन्सा घेऊन लोक येतात. रविवारी बाजार बंद असतो, त्या दिवशी अण्णांची टोळी तिथे जमते. टोळी म्हणजे बाजारात एकत्र माल उतरवणारी माणसं, त्यांचा एक मुकादम. अण्णा काम करायचे ती टोळी अजून तशीच आहे, दोघे-तिघे रिटायर झालेत एवढंच. सकाळी चालायचं, मग बाकावर बसून थर्मासातला चहा आणि जगातल्या प्रत्येक माणसाची निंदा. अण्णांना तिथे जायचं होतं. फ्लेमिंगोशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांना त्या बाकाशेजारी खुर्ची लावून बसायचं होतं.

त्या वाटेच्या तोंडाशी रॅम्प आहे. छान रॅम्प. त्यावर निळ्या रंगात चाकाच्या खुर्चीचं चित्र काढलेलं आहे. रॅम्प चढून वर गेलं की समोर स्टीलच्या पाइपांचं नागमोडी फाटक. एका वेळी एक माणूस, तोही पोट आत घेऊन, डावीकडून उजवीकडे वळत जाईल असं. खुर्ची जात नाही. लहान मुलाची बाबागाडी जात नाही. काठी घेतलेली म्हातारी अडकते. म्हणजे ज्याने कोणी हे बांधलं त्याने खुर्चीवाल्या माणसाला आदराने वर बोलावलं आणि वर गेल्यावर तोंडावर दार लावलं.

फाटक कशासाठी? तर बाइक आत जाऊ नयेत म्हणून. आणि बाइक कुठून जातात? थोडं पुढे रेलिंग तुटलेलं आहे, तिथून कट्ट्यावर चाक चढवून, उडी मारून. रोज जातात. फाटकापाशी बसलेला वॉचमन करावे नावाच्या गावचा, म्हातारा. त्याला मी विचारलं, "काका, ह्या बाइक दिसत नाहीत का तुम्हाला?"

"दिसतान ना ताई," तो म्हणाला. "पन मना फाटकावर बसवलाय. तिकडं फाटक नाय हाय."

शेजारी एक मोठं लोखंडी फाटकही आहे, कचऱ्याची गाडी आत जायला. त्याला कुलूप. किल्ली ठेकेदाराकडे. ठेकेदार कुठे, ते कोणालाच माहीत नाही.

पहिल्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा टोळीने ते फाटक बघितलं आणि कोणाला काही वाटलंच नाही. मुकादमकाकांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. चौघे पुढे आले, खुर्चीला चार बाजूंनी हात घातले, "घ्या रंऽ, हांऽ" अशी बाजारात देतात तशीच हाळी दिली आणि अण्णा खुर्चीसकट पाइपांच्या वरून पलीकडे. कुणीतरी मागून म्हणालं, "हळू रं, काचंचा माल हाय!" सगळे हसले. अण्णाही हसले. आजूबाजूचे फिरणारे थांबले होते. एक बाई म्हणाल्या, "किती गोड ना! असे फ्रेंड्स पाहिजेत." त्यांनी व्हिडिओही काढला.

अण्णा बाकाशेजारी बसले, चहा घेतला, निंदेत भाग घेतला. परत येताना पुन्हा तेच, घ्या रंऽ, हांऽ. मी त्यांच्या समोर उभी होते. त्यांनी डोळे मिटले होते.

पुढच्या रविवारी ते उठलेच नाहीत. आई म्हणाली, "जावा की, वाट बघत असतील." अण्णा म्हणाले, "न्हाय जायचं."

"का? डोकं दुखतंय?"

"मी काय गोणी हाय का?"

एवढंच. आईने माझ्याकडे बघितलं. मग चपाती जोरात तव्यावर टाकली, तिचं काय चुकलं होतं कोण जाणे.

आता शिकलेली मी. आमच्याकडे घरात एक जण शिकला की गल्लीतले सगळे अर्ज त्याचेच. तर मी सरकारी ऑफिस गाठलं. कोणतं खातं ते मुद्दाम लिहीत नाही. वाट एकाची, रेलिंग दुसऱ्याचं, तिवरं तिसऱ्याची, आणि फाटक? फाटकाचं नाव काढलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवायचे. शेवटी एका साहेबांनी बसायला सांगितलं. भला माणूस असावा, आवाज मऊ होता. मऊ आवाजाच्या माणसांची मला तेव्हापासून भीती वाटते.

"मॅडम, रॅम्प दिलाय ना आपण?"

"रॅम्प दिलाय. त्याच्यापुढे फाटक आहे."

"ते बाइकसाठी आहे. सेफ्टीचा इश्यू आहे."

"बाइक तुटलेल्या रेलिंगमधून जातात. फाटकाने फक्त माझे वडील थांबतात."

"हां, पण मॅडम, एकदा रुंद केलं की सगळेच घुसतील. एका माणसासाठी..."

एका माणसासाठी. हे वाक्य मी नंतर इतक्या तोंडांतून ऐकलं की कुठेतरी शिकवत असावेत. आमच्या गल्लीत पक्षाघात झालेले आजोबा आहेत. पलीकडच्या सोसायटीत एक मुलगी आहे, जन्मापासून खुर्चीत. बाजारात पाठ मोडलेले किती आहेत ते मला विचारू नका. ते कोणीच त्या वाटेवर दिसत नाहीत. दिसत नाहीत म्हणून साहेबांच्या हिशेबात ते नाहीत, आणि त्यांच्यासाठी काही करायचं कारण नाही. हे कसलं गणित आहे? मी कॉमर्सची आहे, मला तरी सुटलं नाही.

मी गोदामात काम करते म्हणून आणखी एक सांगते. आमच्याकडे मालाच्या मांडण्यांमध्ये किती जागा सोडायची हे आधी ठरतं, मग मांडण्या लागतात. हाताने ओढायची ट्रॉली वळली पाहिजे. तिचं चाक कुठे घासलं तर मॅनेजर शिफ्टच्या लोकांना झाडतो. खोक्यांची एवढी काळजी. त्या दिवशी साहेबांच्या केबिनमधून बाहेर पडताना मला वाटलं, अण्णांच्या अंगावर बारकोड चिकटवून आणावा.

साहेब म्हणाले होते, पाहणी करतो. मला वाटलं टोलवतायत. पण ते आले, रविवारी सकाळी, सोबत एक इंजिनियर, हातात टेप. मी अण्णांना हातापाया पडून तयार केलं. म्हटलं, नुसतं फाटकापर्यंत चला, खुर्ची अडकते एवढं त्यांना दिसू दे.

आणि तिथे आमच्याच लोकांनी घात केला. खरोखर सांगते, त्या दिवशी मला साहेबांपेक्षा टोळीचा जास्त राग आला. अण्णांना बघून सगळे धावले. मोठे साहेब बघतायत म्हटल्यावर तर अंगात आलं. गोणी उचलण्यात ज्यांचा जन्म गेला त्या माणसांना चार लोकांसमोर 'हे आम्हाला उचलता येत नाही' हे दाखवणं कसं जमणार? मी "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत घ्या रंऽ, हांऽ, आणि अण्णा पलीकडे. खुर्ची डगमगलीसुद्धा नाही. मुकादमकाका हात झाडत साहेबांना म्हणाले, "असं हाय आपलं, साहेब. काय टेन्शन नाय."

साहेबांनी इंजिनियरकडे बघितलं. इंजिनियरने टेप खिशात घातला.

"मग मॅडम," साहेब मऊ आवाजात म्हणाले, "अडचण काय आहे?"

ते गेल्यावर मी बाकापाशी उभी राहून तोंड सोडलं. वडीलधाऱ्या माणसांशी असं बोलू नये वगैरे मला माहीत आहे. "झालं समाधान? दाखवली ताकद? तुमच्यामुळे त्यांनी लिहून टाकलं असेल की इथे सगळं बरोबर आहे!"

मुकादमकाकांचं तोंड एवढंसं झालं. "पोरी, त्याला आमी न्हाय उचलायचा तर कुनी? आमचा मानूस हाय."

"तुमचा माणूस आहे तर त्याला विचारलंत कधी?"

सगळे अण्णांकडे वळले. ते खाडीकडे बघत होते. ओहोटी होती, चिखलात खेकडे पळत होते. तिकडेच बघत म्हणाले, "उचलू नगा."

"आरं पन का?"

"तुमी हात लावला की मला घान वाटती." मग जरा थांबून, "तुमची न्हाय. माजी."

एक जण सवयीने काहीतरी चेष्टा करायला गेला, मुकादमकाकांनी त्याच्या मांडीवर चापट मारली. "ठरलं," ते म्हणाले. "आजपासनं ह्या फाटकावर आपलं काम बंद. कुनी बी सांगू दे. मंत्री येऊ दे."

"मग आता मला घरी कोण नेनार?" अण्णा म्हणाले. ते आतल्या बाजूला होते.

तेव्हा मात्र सगळे हसले. शेवटचा म्हणून उचलला, या वेळी हाळी न देता.

त्यानंतर अण्णा दर रविवारी फाटकाच्या बाहेर, रॅम्पवर बसायचे. टोळी आत बाकावर नाही, बाहेर कठड्यावर. थर्मास तिथेच. फिरायला येणाऱ्यांना ते खुपायला लागलं. "काका, इथे का बसता? आत छान हवा आहे." मुकादमकाका सांगायचे, "आत ह्यांना बंदी हाय." "बंदी? कुणी केली?" "फाटकाला विचारा." काही लोक हळहळायचे. हळहळून झालं की पोट आत घेऊन आत जायचे. ट्रॅकसूट घातलेल्या एका गृहस्थांनी मला समजावलं, की अशा जागा मुळात चालणाऱ्यांसाठी असतात, घरी टीव्हीवर निसर्गाचे फार सुंदर कार्यक्रम येतात. मी त्यांना काय म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही. आईला कळलं तेव्हा म्हणाली, "ह्यासाठी शिकवलं व्हय तुला?" मी म्हटलं, "हो."

मग त्या वाटेला रंग आला. कठडे रंगवले, पाट्या लागल्या, एका पुढाऱ्याच्या हस्ते उद्घाटन ठरलं. जी वाट लोक वर्षानुवर्षं वापरत होते तिचं उद्घाटन, पण ते असो. बॅनर लागला: 'सर्वांसाठी सुगम निसर्गवाट.' त्यावर हसणाऱ्या मुलीचं चित्र, चाकाच्या खुर्चीत. ऑफिसातून मला फोन आला, तुमच्या वडिलांना जरूर आणा, फोटो चांगला होईल. मी म्हटलं, आणते.

रविवारची सकाळ. पुढारी आणि पाहुणे आत मांडवात, अण्णा आणि टोळी बाहेर. भाषणात दिव्यांग हा शब्द इतक्या वेळा आला की आई म्हणाली, "ह्यांचं काय न्हाणं चाललंय का त्या शब्दानं?" मग माइकवरून अण्णांना बोलावलं. अण्णांनी खुर्ची पुढे घेतली. इस्त्रीचा शर्ट, टोपी. फाटकाच्या तोंडात गेले, पाइपाला चाक घासलं, अडकलं. त्यांनी ब्रेक लावला.

आतून एक कार्यकर्ता धावत आला. "अरे, उचला रे काकांना! पटकन!"

टोळीतला एकही हात हलला नाही. सगळ्यांनी हात मागे बांधले होते, शाळेतल्या प्रार्थनेसारखे.

"काय झालं? काही द्यायचंय का तुम्हाला?"

"द्यायचं काय न्हाय," मुकादमकाका म्हणाले. "आमी माल उचलतो. मानूस न्हाय."

कार्यकर्त्याने स्वतः खुर्चीला हात घातला. अण्णांनी त्याचं मनगट धरलं. फक्त धरलं. अठ्ठावीस-तीसचा पोरगा, त्याला ते सोडवता येईना. "भाऊ," अण्णा म्हणाले, "हात न्हाय लावायचा."

आता गंमत अशी की उघडं फाटक तेवढं एकच. आतले आत, बाहेरचे बाहेर. आतल्या बाजूला फिरून परतणाऱ्यांची गर्दी व्हायला लागली. एक बाई म्हणाल्या, "अहो काका, बाजूला व्हा ना प्लीज, घरी पाहुणे यायचेत."

"मलाबी आतच यायचंय, ताई."

"पण आम्हाला का त्रास?"

"तुमाला फकस्त आजचा तरास हाय," आई मागून म्हणाली. आई, जी परक्या माणसासमोर डोक्यावरचा पदरसुद्धा हलू देत नाही.

त्याच बाई! व्हिडिओवाल्या! मी त्यांना ओळखलं. पण त्यांनी बॅग खाली ठेवली आणि साहेबांकडे वळून म्हणाल्या, "बरोबर बोलतायत त्या. हे फाटक मूर्खपणाचं आहे. माझ्या नातवाची गाडीपण जात नाही." मग आणखी दोघे बोलायला लागले. आतापर्यंत कुठे होतात, असं माझ्या तोंडावर आलं होतं. गिळलं.

पुढारी मांडवातून उठून आले. साहेबांचा मऊ आवाज पहिल्यांदाच कुठेतरी हरवला होता. किल्ली, किल्ली, असा आरडाओरडा झाला, ठेकेदाराला फोन गेले. आणि ठेकेदाराचा माणूस मोठ्या फाटकाची किल्ली घेऊन आला, कसा? बाइकवरून. तुटलेल्या रेलिंगमधून, उडी मारून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. करावेचा वॉचमन एवढा हसला की त्याला ठसका लागला.

मोठं फाटक उघडलं. "या काका, या," पुढारी हात पुढे करून म्हणाले. फोटोवाला तयार.

अण्णा हलले नाहीत. "हे उद्या उगडं असंल?"

पुढाऱ्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी ठेकेदाराच्या माणसाकडे.

"मग मी हितंच बरा हाय," अण्णा म्हणाले.

फोटो निघाला तो मोठ्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या पाहुण्यांचा. पुढाऱ्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला की पंधरा दिवसांत नागमोडी फाटक जाईल. गेलं नाही. अण्णा त्याच्या पुढच्या रविवारी परत फाटकाच्या तोंडात जाऊन बसले, टोळी मागे हात बांधून. त्याच्याही पुढच्या. सोसायटीतली ती मुलगी आली, तिच्या आईने तिची खुर्ची अण्णांच्या मागे लावली. पक्षाघाताचे आजोबा रिक्षाने आले. फिरणारे चिडायचे, आमच्यावर, मग हळूहळू ऑफिसवर. फोन आम्ही करत नव्हतो, ते करत होते. फ्लॅटवाल्यांच्या फोनला किती वजन असतं ते मी त्या महिन्यात शिकले, आणि त्याचा रागही मला अजून आहे. आम्ही विचारत होतो तेव्हा तो एका माणसाचा प्रश्न होता. ते अडकले आणि तो शहराचा प्रश्न झाला.

एका कामाच्या दिवशी गॅस कटर आला. मला द्रोणागिरीला असताना आईचा फोन आला, मागून लोखंड कापल्याचा आवाज येत होता. तिला काय बोलायचं ते सुचत नव्हतं. म्हणाली, "ठिणग्या उडत्यात बघ."

फाटकाच्या जागी आता आखूड खांब आहेत, मधून खुर्ची जाते, आणि बाइक शिरली तर वॉचमन शेजारीच बसलेला असतो. तुटलेलं रेलिंगही जोडलं. पक्षी बघायचं जे लाकडी मचाण आहे त्याला अजून पायऱ्याच आहेत. त्याचं पुढे बघू, त्याचाही अर्ज माझ्या बॅगेत आहे. पण खांबांपासून बाकापर्यंतची वाट सरळ आहे. अण्णा रोज सकाळी त्या वाटेने जातात. रविवारी टोळी असते, बाकीच्या दिवशी ते एकटेच असतात. चाकं स्वतः फिरवतात. त्यांना कोणी उचलत नाही.